नाही म्हणण्याचा हक्क आणि भिवंडीचे रान

भिवंडी शहरातून वाड्याकडे निघालेला रस्ता नदीनाक्याजवळ कामवारी ओलांडून शेलारकडे जातो. यंत्रमागाच्या शेड, रंगाई-सायझिंगचे कारखाने, चाळी आणि नव्या इमारती यांच्या दाटीत या बाजूची भातखाचरे आता शोधावी लागतात. पुढे उत्तरेला अंबाडी, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीचा पट्टा लागतो. त्याच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत, पूर्वेला तानसाचे रान. एकाच तालुक्यात दोन वेगळ्या राजवटी नांदतात. शहराभोवतीच्या ६० गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे आणि डोंगराकडची ७२ गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रात मोडतात. इथली जमीन कशासाठी वापरायची, हा प्रश्न म्हणूनच दोन भाषांत विचारला जातो. एकीकडे तो चौरस फुटाचा दर म्हणून येतो, दुसरीकडे वनहक्काचा दावा म्हणून. उष्णकटिबंधातल्या जंगलांविषयी जगभर चाललेल्या वादाची जवळजवळ सगळी सूत्रे या एका तालुक्यात सापडतात. तो वाद बहुधा 'जंगल वाचवायचे की माणसे जगवायची' अशा जोडीने मांडला जातो आणि तिथेच फसतो. या लेखाचे म्हणणे असे की, रानात माणसे आहेत की नाहीत यावर रानाचे भवितव्य फारसे अवलंबून नसते. तिथल्या माणसांना एकत्र बसून, कायद्याच्या बळावर, 'ही जमीन द्यायची नाही' असे म्हणता येते का, यावर ते ठरते.

आधी हे रान कसले आहे ते पाहू. आंबोली-तिळारीकडच्या सदाहरित वर्षावनासारखे ते नाही. साग, ऐन, खैर, पळस, मोह आणि बांबू यांचे हे पानझडी रान आहे. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारे आणि उन्हाळ्यात करपून जाणारे. ते कधीही 'अस्पर्श' नव्हते. ठाणे-कुलाबा भागातली भातशेती राबावर उभी होती. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात भाजायचे आणि त्या भाजावळीवर रोप टाकायचे. म्हणून खाचराला लागून असलेली वरकस जमीन ही शेतीचाच भाग असे. तिथे नागली-वरई पिके, गवत वाढे, राबासाठी फांद्या मिळत. ब्रिटिशांनी १८७८ च्या वन कायद्याने रान आपल्या ताब्यात घेतले, तेव्हा फांद्या तोडण्यावरच बंधने आली आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जंगलाची सीमा शेताच्या बांधावर संपत नाही, हे त्या वादात सरकारी कागदावर आले.

राब हे आदर्श तंत्र होते असे म्हणायचे कारण नाही. दरवर्षी फांद्या छाटलेला ऐन खुरटतो आणि वस्ती वाढली की एकाच झाडावर पुन्हा पुन्हा कोयता चालतो. पण वापर म्हणजे विनाश असे समीकरण मांडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शतकभर ज्या रानात गुरे चरली, मोह वेचला गेला, सरपण तोडले गेले, त्याच तानसाच्या रानात २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला. हे घुबड नामशेष झाले असे मानले जात होते आणि १९९७ मध्ये ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडले, तोवर शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीची नोंदच नव्हती. मुंबईपासून दीड-दोन तासांवरच्या, माणसांनी वापरलेल्या रानात तो टिकला. वापर किती करायचा हे ठरवणारे कुणी असेल, तर वापर आणि रान सोबत राहू शकतात, एवढे तरी यातून निघते.

मग हे ठरवणारे कोण होते? गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सतत गावाबाहेर गेलेले दिसते. राखीव जंगल वन खात्याकडे गेले. उरलेले रान जमीनदार-सावकारांच्या मालकीत राहिले आणि तिथे वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी हे कूळ किंवा वेठबिगार म्हणून राबले. १९४५ मध्ये सुरू झालेला वारल्यांचा उठाव डहाणू-तलासरीकडे वेठीविरुद्ध उभा राहिला, पण त्याची मुळे याच व्यवस्थेत होती. पुढे कूळ कायद्याने भातजमिनीचा प्रश्न काही अंशी सोडवला. रानाकडच्या जमिनीचा गुंता मात्र वाढत गेला. कुणाला वर्षावर्षाच्या बोलीवर एकसाली प्लॉट मिळाले, कुणाची दळी, म्हणजे डोंगरउतारावरची शेती, तोंडी परवानगीवर चालली. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने खासगी वने एका दिवसात सरकारजमा झाली. मालकाच्या जागी सरकार आले, पण कसणाऱ्याच्या हाती काहीच आले नाही. कागद आणि जमीन यांत किती अंतर पडले, ते पुढे मुंबई-ठाण्यातही दिसले. वस्ती झालेल्या भूखंडांवर 'खासगी वन' अशी नोंद निघाली, तेव्हा तिथले मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जुन्या नोटिसा नीट बजावून कारवाई पूर्ण झालेलीच नव्हती, हे त्यातले मुख्य कारण होते. न्याय म्हणून ते योग्यच झाले. पण कागदावरच्या चुकीविरुद्ध दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत पाड्यावरच्या माणसाकडे नसते आणि त्याच्या जमिनीवरचा शेरा तसाच राहतो.

ज्याचा हक्क अनिश्चित, त्याला रान राखण्याचे कारण उरत नाही. यात नैतिकतेचा प्रश्न नाही, साधा हिशोब आहे. उद्या हुसकावले जाणार असेल तर आज उभे असलेले झाड उद्याच्या पिढीसाठी ठेवण्यात अर्थ नसतो. ते कोळशाच्या भट्टीत घालून आजची भाकरी मिळवणे शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला तर आपल्या पाड्याभोवतीच्या रानाकडे वर्षातले सहा-सात महिने पाहताही येत नाही. वन खात्याचा एक रक्षक शेकडो हेक्टर सांभाळतो. ज्या गावाला रानातून काही मिळत नाही, ते गाव त्याला मदत करत नाही. अशा ठिकाणी रान कुंपणाने राखले जात नाही. फक्त ते जायला थोडा उशीर लागतो.

भिवंडीत तो उशीरही आता परवडणारा नाही. मुंबईतील जकात टाळण्यासाठी महापालिकेच्या हद्दीबाहेर माल साठवण्याच्या सोयीतून इथली गोदामे वाढली. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोलीपासून नाशिक महामार्गाकडे वडपे-पडघ्यापर्यंत ती पसरली. जकात गेली, पण ऑनलाइन विक्रीने गोदामांची गरज आणखी वाढवली. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक या तालुक्यातल्या आमणे गावी आहे; मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनच्या कामांनीही इथल्या जमिनी घेतल्या. गोदामाला सपाट जमीन लागते, रान तर डोंगरावर, मग रानाला धोका कसला, असे कुणी विचारेल. खाचर उचलून गोदामाची जोती बांधायची तर भराव लागतो. त्याचा मुरूम आणि दगड डोंगरातूनच येतो. रस्ता झाला की त्याच्या कडेची वरकस जमीन बिगरशेतीच्या भावाने विकली जाते. भातखाचर गेले की राब, गवत आणि गुरे यांचे कारण संपते आणि वरची माळजमीन 'पडीक' दिसू लागते. 'पडीक' हा शेरा पडला की पुढचा खरेदीदार फार दूर नसतो.

२००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरतो तो या पार्श्वभूमीवर. त्याची चर्चा बहुतेक वेळा वैयक्तिक पट्ट्यांपुरती होते: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची कसवणूक, कमाल चार हेक्टर, दावा मंजूर की नामंजूर. पण भिवंडीसारख्या ठिकाणी त्यातल्या दोन तरतुदी अधिक मोलाच्या आहेत. पहिली अशी की, या कायद्याखाली मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. ज्या तालुक्यात सातबारे असे विक्रीला निघतात, तिथे बाजाराबाहेरची जमीन ही मोठी गोष्ट आहे. दुसरी तरतूद सामूहिक वनसंपत्तीची. गाव ज्या रानाचे परंपरेने रक्षण आणि व्यवस्थापन करत आले आहे, त्याचे संवर्धन व नियमन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो आणि रानाची हानी करणारे काम थांबवण्याचा अधिकारही. केवळ व्यक्तीला पट्टा दिला तर एक कुटुंब सुरक्षित होते. सामूहिक हक्क दिला तर त्या पट्ट्यांमधले आणि भोवतालचे रानही कुणाच्या तरी जबाबदारीत येते. वैयक्तिक दाव्यांच्या मागे लागून सामूहिक हक्क मागे ठेवणे ही प्रशासनाची सोय आहे. गावाच्या दृष्टीने तो तोटा आहे.

सामूहिक हक्काने प्रत्यक्षात काय होते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानाचा हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना आपल्याकडेच ठेवण्याचा वन खात्याचा आग्रह होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात येऊन वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले, तेव्हा हक्काला अर्थ आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये मिळालेल्या सुमारे हजार हेक्टरांत बांबूचे उत्पन्न उभे केले, पण तेंदूपानांचा व्यवसाय सोडून दिला. त्यासाठी फांद्या तोडल्या जातात आणि आगी लावल्या जातात म्हणून. पैसा देणारे काम गावाने स्वतःहून नाकारले. कुंपणाला अशी निवड करता येत नाही, ती हक्क असलेल्या माणसांनाच करता येते. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने तर कायदा येण्याच्या आधीपासून, १९९० च्या दशकात, गावाचे नियम करून चारशेहून अधिक हेक्टर रान उभे केले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बाहेरच्या जगातले अनुभव याला दुजोरा देतात. ग्वाटेमालातल्या माया जैविक राखीव क्षेत्रात १९९० च्या दशकात काही पट्टे गावांच्या संस्थांना लाकूड आणि इतर वनोपजासाठी दीर्घ करारावर दिले गेले. त्यांतल्या बहुतेक पट्ट्यांत जंगलतोड नगण्य राहिली. शेजारच्या कडक संरक्षित राष्ट्रीय उद्यानांपैकी लागुना देल तिग्रेसारख्या उद्यानात मात्र पशुपालकांच्या कुरणांसाठी मोठे जंगल जळाले. २०१२ मध्ये उष्णकटिबंधातल्या ४० संरक्षित क्षेत्रांची आणि ३३ लोकव्यवस्थापित जंगलांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांच्या जंगलांतला तोडीचा वेग कमी आढळला. सामाईक संपत्ती अपरिहार्यपणे उद्ध्वस्त होते, हे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने मांडलेले सूत्र एलिनॉर ऑस्ट्रॉमने याच प्रकारच्या पुराव्यांनी खोडले आणि २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले. सीमा ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील आणि बाहेरची सत्ता ते नियम मानत असेल, तर सामाईक संपत्ती टिकते, असे तिचे निष्कर्ष सांगतात.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मेंढा किंवा बारीपाडा शहरापासून दूर आहेत. तिथे एकर जमिनीसाठी कोटी रुपये देणारा कुणी नाही. भिवंडीत दलाल दारात उभा असताना ग्रामसभा किती दिवस नकार देईल? आक्षेप खरा आहे, पण तो सामूहिक हक्काच्या विरोधात जात नाही. त्याच्या गरजेची तो जास्त खात्री देतो. खासगी सातबाऱ्याच्या मालकाला विकण्याच्या मोहाशी एकट्याला झगडावे लागते. शेजाऱ्याने विकले की त्याच्या शेतात पाणी शिरते, वाट बंद होते आणि शेवटी तोही विकतो. सामूहिक हक्कात विकण्याची सोयच नाही. देण्याचा प्रश्न आला तर तो सगळ्यांसमोर, चर्चेत, सोडवावा लागतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभा बसल्या, तेव्हा समोर एका मोठ्या खाण कंपनीचा प्रकल्प होता आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले. मुद्रांक कागदावर ताबा लिहून देण्याचे व्यवहार इथेही होतील, हे मान्य करू. पण बेकायदा व्यवहाराला आव्हान देता येते, कायदेशीर खरेदीखताला नाही.

दुसरा आक्षेप अतिक्रमणाचा. हक्क दिले की नवे रान तोडून जुना ताबा दाखवला जाईल, असे अनेक निसर्गप्रेमी मानतात. खोटे दावे होतच नाहीत असे नाही. पण कायद्याची तारीख ठरलेली आहे आणि २००५ च्या आधीची-नंतरची उपग्रहचित्रे उपलब्ध आहेत. खरा धोका विलंबात आहे. दावे वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवले की कुणाचे काय हे अनिश्चित राहते आणि अनिश्चिततेतच नवी तोड होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि दोनच आठवड्यांत तो स्थगित केला. दाव्यांची छाननी किती कच्ची झाली होती, ते त्यानंतर अनेक राज्यांनीच मान्य केले. सीमा लवकर ठरवणे हे रानाच्या हिताचे आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. पाड्यावरच्या मुलाला मोह वेचायचा नाही, त्याला गोदामात किंवा गाडीवर काम हवे आहे. त्याला ते मिळालेच पाहिजे. पण गोदामातली नोकरी घ्यायला बापाची जमीन गोदामाला देण्याची गरज नसते. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीत संपतो आणि नोकरी बहुधा ठेकेदाराकडची, कधीही जाणारी. अशा वेळी रानातली जमीन ही कुटुंबाची पडती बाजू सांभाळते. शिवाय हे रान नुसत्या नागली-मोहाचे नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा हे पाच या रानापासून पूर्वेला सह्याद्रीपर्यंतच्या डोंगरांच्या पाणलोटात आहेत, आणि यांतले तानसा-भातसा ज्या शेजारच्या शहापूर तालुक्यात आहेत तिथलेच पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार करून पाणलोट राखण्यासाठी पैसे देणे पत्करले, कारण अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प उभारण्यापेक्षा ते स्वस्त होते. मुंबईच्या पाणीपट्टीतला छोटा हिस्सा, रान राखणाऱ्या ग्रामसभांच्या खात्यात थेट जाऊ लागला, तर उभ्या रानाची किंमत पाड्यावर रोख दिसेल. ती दिसली पाहिजे. नाहीतर तिथे फक्त तोडलेल्या रानाचीच किंमत कळते.

चौथा आक्षेप ग्रामसभेवरच आहे: ती धनदांडग्यांच्या हातात असते. भिवंडीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. इथल्या ग्रामपंचायती अनेक गावठाणांच्या आणि पाड्यांच्या मिळून बनतात. जमीनदार, ठेकेदार आणि विकासकांचे नातेवाईक मुख्य गावात. कातकरी-वारली मतदार पाड्यांत विखुरलेले. अशा मोठ्या सभेत पाड्याचा आवाज बुडतो. पण त्यावरचा उपाय कायद्यातच आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम अनुसूचित क्षेत्रात पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट देतात. वनहक्क नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती आणि त्यात किमान एकतृतीयांश महिला हव्यात. सरपण, पाणी आणि रानभाज्या यांचे काम बायकांच्या अंगावर असते. म्हणून रानाचे नियम त्यांच्यासमोर झाले की ते पाळलेही जातात. ग्रामसभा बळकावली जाते म्हणून ती रद्द करायची नसते, ती लहान आणि खरी करायची असते.

आता या सगळ्याचा शेलारशी संबंध काय? शहराला खेटलेल्या अशा गावांत वनहक्काचे रान फारसे उरलेले नाही. उरले आहेत नदीकाठ, गुरचरण आणि थोडी वरकस. पण डोंगरावरच्या पाड्यांचे काय होणार, याचा निर्णय इथूनही होतो. शहराची भूक इथेच भागली, तर ती डोंगर चढणार नाही. जुन्या, अर्ध्या रिकाम्या शेडच्या जागी बहुमजली गोदामे बांधण्यास, नदीकाठ आणि गुरचरण बांधकामातून वगळण्यास आणि भरावाचा मुरूम कुठून आला याचा हिशोब मागण्यास नियोजन आराखड्यातच जागा हवी. गुरचरण आणि गावतळी ही सामाईक संपत्ती असून त्यावरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावले आहे. शहराकडची ग्रामपंचायत हा निकाल वापरू शकते, जशी डोंगराकडची ग्रामसभा वनहक्क कायदा वापरू शकते.

खरी अडचण क्रमाची आहे. आज आधी रस्त्याची आखणी होते, मग प्रादेशिक आराखड्यातले रंग ठरतात आणि त्यानंतर पाड्याचा दावा तपासला जातो. तोपर्यंत दावा ज्या रानावर होता ते रान दुसऱ्या कशासाठी तरी राखलेले असते. केंद्राने २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती मागितली होती. २०२२ च्या नियमांनी तिची पडताळणी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. मंजुरी आधी आणि संमती नंतर, असा हा उलटा क्रम आहे आणि त्यात नकाराला जागाच राहत नाही. तो सुलटा करायचा तर ७२ गावांतल्या पाड्यांना गावाचा दर्जा, त्यांच्या सामूहिक वनहक्कांच्या सीमा आणि वरकस जमिनीची नोंद हे सगळे आराखड्याच्या नकाशावर आधी उमटले पाहिजे, आणि मगच रस्त्याची आणि गोदामाची रेघ ओढली पाहिजे. एवढे झाले तरी ग्रामसभा प्रत्येक वेळी योग्यच निर्णय घेईल याची हमी नाही. काही गावे जमीन देतील, काही चुका करतील. पण आज निर्णय न घेणारेच निर्णयाचे परिणाम भोगत आहेत. निर्णय आणि परिणाम एकाच घरात आले की रानाच्या बाजूने बोलणारा माणूस बाहेरून आणावा लागत नाही, आणि उष्णकटिबंधातल्या जंगलांच्या बाबतीत आजवर सर्वाधिक टिकलेला उपाय हाच आहे.